छावणीतली निळी बादली

"मग त्या येत का नाहीत, अम्मा?"

डॉक्टर हेमांगी सबनीस उभ्यानंच विचारत होती. बसायचं सुचतच नव्हतं तिला. नदीपलीकडे लढाई, अलीकडे जीव मुठीत घेऊन आलेल्या बायकांची छावणी, आणि छावणीच्या टोकाला दर्ग्यापाशी ही म्हातारी फकिरीण, जुलेखाअम्मा. अडलंनडलं की सगळे हिच्याकडे यायचे. हेमांगी आली ती मात्र अगदीच नाइलाजानं.

"तंबू आहे, औषधं आहेत, तपासायला बाईमाणूस आहे. परदेशातून एवढी मदत आली, ती काय नुसती रचून ठेवायची?"

अम्मा सुपातली डाळ निवडत होती.

"त्या गुलनारला मूल पडून ताप चढलाय. रक्त थांबत नाही. मी दारापर्यंत जाऊन आले. सासू आडवी उभी. म्हणते, आमच्या सुनेला काही झालेलं नाही."

"मग?"

"मग काय... संध्याकाळच्या आत तंबूत आली नाही, तर हाती लागायची नाही."

पलीकडे धाडकन आवाज झाला. हेमांगी दचकली. अम्मानं एक खडा काढून टाकला.

"तपासलेल्या बाईला तुम्ही काहीतरी देता म्हणे?"

"बादली. आत साबण, कापड, आतले कपडे. वर मदत देणाऱ्या देशाचा झेंडा." हेमांगीची मान जरा ताठ झाली. ती कल्पना तिचीच होती. "निळीशार. लांबून ओळखू येते."

"एक रिकामी करून आण. तो पांढरा कोट ठेव इथं, माझी ओढणी घे डोक्यावरून. आणि नळावरून पाणी आण."

"अम्मा, तिकडे पोर मरायला टेकलीय, आणि..."

"तहान लागलीय."

फकिरांच्या लहरीपुढे कोण बोलणार? हेमांगी धुसफुसत गेली.

नळ छावणीच्या मधोमध. पहिल्याच तंबूपाशी चाललेल्या गप्पा तुटल्या. पुढे एकीनं आपल्या लेकीला दंड धरून आत ओढलं. नळावरची रांग आपणहून बाजूला झाली. मान म्हणून नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून.

मागून कुणीतरी हसलं. "हीपण शिपायांच्या..." पुढचं तिनं मुद्दाम गिळलं.

हेमांगी परतली तेव्हा निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं.

अम्मा ओंजळीनं पाणी प्यायली. सावकाश.

"त्यांना वाटतं, माझ्या तंबूत जाते ती... नासवलेलीच," हेमांगी म्हणाली. "आणि मीच प्रत्येकीच्या हातात..."

अम्मानं सूप बाजूला सारलं.

"आत्ताच्या आत्ता बादल्या बंद करते."

"आता रिकाम्या हातानं बाहेर पडली, तरी म्हणतील लपवली."

"मग करू काय मी? अम्मा, गुलनारला वेळ नाही हो..."

अम्मा काठी टेकत उठली. चालत चालत थेट हेमांगीच्या तंबूत शिरली आणि खाटेवर आडवी झाली.

"तपास."

"तुम्हाला काय होतंय?"

"तपासायच्या आधीच कळतं होय तुला?"

हेमांगीनं नाडी पाहिली, छाती ऐकली, पोट चाचपलं. अम्मा उठून बसली आणि तिनं बादलीसाठी हात पुढे केला...

"नको, अम्मा. या वयात लोक तुमच्याबद्दलही बोलतील."

हात तसाच राहिला.

हेमांगीनं नवी बादली उचलली. अम्मा बाहेर पडली ती दर्ग्याची जवळची वाट सोडून. काठी डाव्या हातात, पाय छावणीच्या दिशेला. हेमांगीनं मागून येऊन बादली तिच्या मोकळ्या उजव्या हाताशी नेली.

अम्मा थांबली. तिनं काठी उजव्या हातात घेतली.

"या हातात दे, पोरी. गुलनारच्या सासूचं दार डाव्या अंगाला येतं."