कारागिराच्या बायकोने पारखलेली कांब

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. एका राज्यात घरोघरी बोलक्या पेट्या होत्या, गाणाऱ्या पेट्या होत्या, आणि त्या बिघडल्या की दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर होता. हातात कसब होतं, डोकं मात्र तापट.

त्याच्या बायकोला सात वर्षांपासून ऐकू येईनासं झालं होतं. कानाशी जाऊन ओरडलं तर थोडंफार कळे. आता तुम्हीच सांगा, ओरडून माणूस काय काय बोलणार? ‘जेवायला वाढ’ ओरडता येतं, ‘दार लाव’ ओरडता येतं. पण जे हळूच सांगायचं असतं, ते सगळं म्हाताऱ्याच्या पोटातच राहून गेलं. त्याचं त्याला फार वाईट वाटे.

म्हणून त्याने तिच्या कानात बसेल एवढं यंत्र करायला घेतलं. त्या यंत्राचा सगळा जीव होता मसुराच्या दाण्याएवढ्या एका कणीत. समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याने तशा दोनच कण्या आणल्या होत्या, आणि तो काही पुन्हा येणार नव्हता.

ही कणी तांब्याच्या जाड पट्टीला डाखाने जोडायची होती. डाख म्हणजे कथलाचा थेंब. तापलेल्या कांबीच्या टोकाने तो वितळवायचा, की निवल्यावर दोन तुकडे एक होतात. म्हाताऱ्याने आपली जुनी कांब टेकवली. पट्टीने सगळी ऊब ओढून घेतली, डाख काही वितळेना. तो दाबत राहिला, दाबत राहिला, आणि कणी जळून गेली.

“कांब पुरेशी तापत नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. “आता सगळ्यात जहाल कांब आणतो.”

एकच कणी उरली होती. तीही जळाली की संपलंच.

दोघं बाजारात गेली. एका दुकानात अशी कांब होती की तिचं टोक लालभडक व्हायचं. “काका, हिच्यापुढे लोखंडाचंसुद्धा पाणी होतं,” दुकानदार म्हणाला. “राजवाड्यात हीच वापरतात.” एकदा सुरू झाला तो थांबेचना. म्हातारा मान डोलवू लागला.

बायकोला यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, आणि तेच बरं झालं. तिचं सगळं लक्ष दुकानदाराच्या हाताकडे होतं. तिने नवऱ्याच्या पिशवीतून तांब्याची एक पट्टी काढली आणि दुकानदारापुढे ठेवली.

“बाबा, हिच्यावर पाच डाख दे बघू. एकामागून एक.”

पहिला डाख झकास बसला. दुसऱ्याला वेळ लागला. तिसरा नासलेल्या दुधासारखा गोळे धरून बसला. दुकानदार घाम पुसत कांब दाबत राहिला, इतका की पट्टीखालची फळी करपली.

“अगं, पण तापते बघ किती,” म्हातारा तिच्या कानाशी ओरडला.

“तापायला काय, तवाही तापतो,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं भाकऱ्या भाजतेय मी. भाकरी टाकली की तवा निवतोच. निवल्यावर त्याने लगेच पुन्हा ऊब धरली, तर तो तवा कामाचा. नाहीतर पहिली भाकरी करपते आणि तिसरी कच्ची राहते.”

“हिला यातलं काय कळतंय,” तो पुटपुटला. पण ऐकतंय कोण? ती केव्हाच पुढच्या दुकानात पोचली होती.

तिथली दुकानदारीण मोजकंच बोलणारी होती. तिची कांब काळी, ठेंगणी, आणि टोक लालसुद्धा होत नव्हतं. पण तिने पाच डाख दिले ते पाचही सारखे, चकचकीत. प्रत्येक वेळी कांब टेकवली आणि लगेच उचलली. बायकोने ती हातात धरून पाहिली. म्हाताऱ्याच्या थरथरत्या बोटांना पेलेल इतकी हलकी होती.

“अहो, हीच घ्या,” ती म्हणाली.

म्हातारा रुसला. कांब मात्र तीच घेतली, कारण ओरडून भांडायलाही दम लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तो कामाला बसला. उरलेली कणी पट्टीवर ठेवली. कांब टेकवली, पट्टीने ऊब ओढली, आणि कांबीने ती लगेच भरून काढली. डाख पसरला. त्याने कांब उचलली. कणीला झळसुद्धा लागली नाही.

मग त्याने ते यंत्र हलक्या हाताने बायकोच्या कानात बसवलं. सात वर्षं काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं विसरला. डोळे भरून आले. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “तुझंच बरोबर होतं गं.”

“काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

त्याला वाटलं, ही कणीही गेली की काय? तो जरा पुढे वाकला आणि पुन्हा तसाच हळू म्हणाला, “तुझंच बरोबर होतं.”

“अं?”

तिसऱ्यांदा सांगताना त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. दोघं ओसरीवर बसून हळू आवाजात बोलत राहिली, आणि म्हातारा पुन्हा म्हणून तिच्यावर ओरडला नाही.

तेव्हा मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: हत्यार असो की माणूस, किती तापतं ते पाहू नका, आपली ऊब देऊन झाल्यावर पुन्हा किती लवकर ऊब धरतं ते पाहा.