चाळीस ओहमचा दिवा

वायरमनच्या परवान्याची तोंडी परीक्षा एका बिनखिडकीच्या खोलीत चालली होती. परीक्षक घारपुरेसाहेबांपुढे सहसा कोणी बोलत नसे. दुय्यम परीक्षक म्हणून शेजारी बसलेला मीही नाही. समोर शेवंता ढोबळे उभी होती. परवाना हुकला, तर तिची पंपघरावरची नोकरी जाणार होती.

साहेबांनी खोलीतल्या एकुलत्या एका दिव्याकडे बोट केलं. "याचा रोध काढा."

शेवंताने दिवा मालवून विजेरीच्या उजेडात मीटर जोडलं आणि दिवा पुन्हा लावला. दाब दोनशे तीस व्होल्ट, प्रवाह शून्य पॉइंट त्रेचाळीस अँपिअर. "भागून रोध पाचशे पस्तीस ओहम. गुणून शक्ती नव्व्याण्णव वॅट."

"साफ चूक! सकाळी मी हाच दिवा उतरवून मोजलाय. चाळीस ओहम." साहेबांनी निकाल लिहायला घेतला.

"साहेब, तेव्हा तो थंड होता. आतली तार तापली की रोध वाढतो."

"मला शिकवू नका, बाई. चाळीस म्हणजे चाळीस."

"बरं, चाळीस. मग दोनशे तीस भागिले चाळीस, पावणेसहा अँपिअर. म्हणजे तेराशे वॅट. दिवा कसला, शेगडीच की! आणि या खोलीला फ्यूज दोन अँपिअरचा, सकाळी आमच्यादेखत तुम्हीच बसवलेला. तो उडाला कसा नाही? तुम्ही मला नापास लिहिताय ते कुठल्या उजेडात?"

साहेबांनी वर पाहिलं. दिवा निवांत जळत होता. मी तिचं गणित दोनदा करून पाहिलं, कारण माझं एकदा केलेलं मला पटत नाही. बरोबर होतं.

कागदावर साहेबांचा 'ना' लिहून झाला होता. तो खोडून त्यांनी पुढे 'पास' लिहिलं.