श्वासाचा रकाना

“मेलेल्या बाईचा श्वास अठरा कसा असेल, बाई?”

कालिंदीने दारात चपला काढता काढताच विचारलं. हातातली फाईल तिने खाटेवर आपटली.

उजगरेबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय एकोणऐंशी. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य, होत्या. नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात उभं करून शिकवायच्या त्याच. आम्ही दोघी त्यांच्याच हाताखाली तयार झालो, मी कालिंदीच्या सोळा वर्षं आधी.

त्यांनी फाईल उघडली नाही.

मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते. रिटायर झाल्यापासून दर रविवारी, चर्चमधली उपासना झाली की मी बाईंकडे येते. त्यांचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे.

कालिंदी वाघचौरे आता डॉक्टर म्हणवते. औषध देणारी डॉक्टर नव्हे, प्रबंध लिहिलेली. नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक आहे. रुग्णांची काळजी कशी घेतली जाते, कुठल्या वॉर्डाला किती नर्सेस लागतात, त्यांना कामावर आधार कसा द्यावा, यावर तिचं संशोधन. मोठमोठ्या सभांत पडद्यावर तक्ते दाखवून येते. मला तिचा अभिमानही वाटतो आणि तिचा रागही येतो.

तिने सगळं उभ्यानेच सांगितलं.

स्त्रियांच्या वॉर्डात चौतीस नंबरच्या खाटेवर चंद्रभागा म्हस्के नावाची बाई होती. एक्कावन्न वर्षांची, वीटभट्टीवर काम करणारी. न्यूमोनिया झालेला. तिच्या तक्त्यावर दुपारी दोनला श्वास मिनिटाला अठरा, धडधाकट माणसाचा असतो तसा. संध्याकाळी सहाला श्वास अठरा. सव्वासहाला डॉक्टर राउंडला आले, तेव्हा बाईचे हातपाय गार होते. ती जाऊन तासभर तरी झाला असावा असं ते म्हणाले. शेजारी तिची मुलगी आईला झोप लागली म्हणून गप्प बसून होती.

दोनचा आणि सहाचा, दोन्ही आकडे रोहिणी तायडेने लिहिलेले. नोकरीला लागून तिला चौदा महिने झालेले.

चौकशी समितीत कालिंदी होती. सोमवारी अकराला अहवाल द्यायचा होता, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. त्यात जबाबदार कर्मचाऱ्याच्या नावाचा एक रकाना होता आणि तिथे तिने रोहिणीचं नाव घातलं होतं. एकदा ते नाव वर गेलं की नोकरी जाणार, रजिस्ट्रेशन जाणार, पोरगी पुन्हा कधी नर्सची टोपी घालणार नाही.

“खोटं लिहिलं तिने,” कालिंदी म्हणाली. “दोनला नीट मोजला असता तर तेव्हाच कळलं असतं. बाई वाचली असती.”

“वाचली असती,” बाई म्हणाल्या.

कालिंदीला याची अपेक्षा नव्हती. बाई रोहिणीची बाजू घेतील आणि आपण त्यांना समजावू, अशी ती तयारी करून आली असावी.

“मग तिचं नाव लिहिलं ते बरोबर ना?”



बाईंनी उलट विचारलं, “त्या दिवशी दुपारी वॉर्डात नर्सेस किती?”

“ड्यूटीच्या कागदावर चार.”

“वॉर्डात किती?”

कालिंदी फाईल चाळायला लागली. मला राहवलं नाही. मीच सांगितलं. दवाखान्यातल्या माझ्या मैत्रिणींकडून मला सगळं कळलं होतं. एक बाळंतपणाच्या रजेवर, तिच्या जागी कोणी नाही. एक ऑपरेशनला मदतीला नेलेली. एक आरोग्य शिबिराच्या टेबलावर, कारण वरून पाहुणे येणार होते आणि त्यांना गुलाब द्यायला पांढऱ्या कपड्यातली बाई हवी होती. उरली रोहिणी. चाळीस खाटा, एकसष्ट रुग्ण, एकवीस जणी खाली सतरंजीवर.

“ते मला माहीत आहे, सुभद्राताई,” कालिंदी म्हणाली. “ते मी अहवालाच्या वेगळ्या प्रकरणात घेतलंय.”

वेगळ्या प्रकरणात. माझ्या हातातली मेथीची जुडी मी अशी पिरगाळली की अर्धी पानं वाया गेली.

मग तिने तिच्या शिफारशी वाचून दाखवल्या. नर्सेसवर ताण असतो हे तिला मान्य होतं. म्हणून दर शनिवारी दुपारी अर्धा तास त्यांच्यासाठी वर्ग घ्यावा, दीर्घ श्वसन शिकवावं, मन मोकळं करू द्यावं.

“वर्गाला कोण येणार?” बाईंनी विचारलं.

“वॉर्डातल्या नर्सेस.”

“तेव्हा वॉर्डात कोण?”

कालिंदीने पान उलटलं.

बाईंनी मला फडताळातलं जाड पुस्तक काढायला सांगितलं. निळ्या बांधणीचं. ते दोन वर्षांपूर्वीचं कालिंदीचंच संशोधन होतं. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘माझ्या गुरूंना, ज्यांनी मला मोजायला शिकवलं.’ बाईंनी आत एक खूण घालून ठेवली होती. ते पान उघडून त्यांनी पुस्तक कालिंदीपुढे धरलं.

“वाच.”

कालिंदीने वाचलं. तिचा आवाज अजून चढाच होता. “पाहणी केलेल्या आठ हजार तक्त्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्के तक्ते पूर्ण भरलेले आढळले. त्यावरून वॉर्डातील सध्याचं मनुष्यबळ रुग्णसेवेस पुरेसं असल्याचं दिसतं.”

“याच्यानंतर काय झालं?”

“दवाखान्याच्या समितीने स्त्रियांच्या त्याच वॉर्डातल्या दोन रिकाम्या जागा रद्द केल्या. तो निर्णय माझा नव्हता, बाई.”

“त्या आठ हजार तक्त्यांत श्वास किती होते?”

कालिंदीने पुस्तक मिटलं.

“तूच पाहिलेस ना सगळे? श्वास किती होते?”

“...अठरा.”

“सगळ्यांचे?”

“बहुतेकांचे. कधी वीस.”

“म्हातारीचा अठरा, तापातल्या पोरीचा अठरा, दमेकरणीचाही अठरा,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तुला राग आला नाही. त्या अठरावर तू दोन माणसं कमी केलीस. आज त्याच अठरासाठी तिसरी कमी करायला निघालीस.”

कालिंदीचा चेहरा लाल झाला. खाटेच्या कडेला टेकली होती ती ताडकन उठली. तिने ऐकवलं की इतकी वर्षं तिने प्रामाणिकपणे काम केलं, विद्यार्थिनी असताना कितीही धावपळ असली तरी न मोजता कधी लिहिलं नाही, आणि आजकालच्या मुलींना कामच नको असतं.

“एका मिनिटाचं तर काम आहे, बाई. एक मिनिट कुणालाही काढता येतं.”

बाईंनी तिच्यावर नजर रोखली.

बाईंचा हा चेहरा मला ओळखीचा होता. वॉर्डात त्या अशा बघायला लागल्या की आम्ही मुली बेडपॅनच्या खोलीत जाऊन लपायचो.

“सुभद्रा, माझं घड्याळ आण.”

त्यांचं जुनं घड्याळ, मिशनच्या दवाखान्यात शिकताना मिळालेलं, छातीवर पिनेने उलटं अडकवायचं. अजून चालतं. त्यांनी ते कालिंदीच्या हातात दिलं आणि एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. कागदावर स्वतःच तीन रकाने आखले. ताप, नाडी, श्वास.

“माझा श्वास मोज. पूर्ण मिनिट. शिकवलंय तसं.”

कालिंदी हसली, पण हसण्यात राग होता. तरी बसली. शिकवलंय तसं म्हणजे मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. रुग्णाला कळलं की तो श्वास बदलतो. ती हे काहीच विसरली नव्हती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“तू वॉर्ड हो,” त्या म्हणाल्या.

मी अडतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. मला जास्त सांगावं लागलं नाही.

कालिंदीच्या ओठांची हालचाल नऊपर्यंत आली असेल, तेवढ्यात मी हाक मारली, “सिस्टर, अकरा नंबरचं सलाईन संपलं, नळीत रक्त चढतंय.” तिने वर पाहिलं. आकडा सुटला. ती पुन्हा सुरू झाली.

“सिस्टर, खाली झोपलेल्या आजीला उलटी झाली.”

पुन्हा सुरू.

“सिस्टर, डॉक्टर आलेत, वीस नंबरची फाईल कुठं आहे विचारतायत.”

पुन्हा.

“सिस्टर, ऑफिसातून फोन आहे. शिबिराला अजून एक जण पाठवा म्हणतात.”

तिचं कपाळ घामाने चमकायला लागलं. मी थांबले नाही. खरं सांगायचं तर आता मी नाटक करतच नव्हते.

“सिस्टर, माझी आई कधीची धापा टाकतेय,” मी म्हणाले. “तुम्ही तिसऱ्यांदा नुसत्या बघून गेलात. आम्ही माणसं नाही का?”

कालिंदीने माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी वेळ पाहतच राहिली.

“सहा वाजले,” बाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. “राउंड आला. लिही.”

कालिंदीने पेन उचललं. तिने विचार केला असं मला तरी दिसलं नाही. हात आपोआप गेला.

श्वासाच्या रकान्यात तिने लिहिलं, अठरा.

लिहून झाल्यावर तिला दिसलं. पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं.

“सुभद्रा आईबद्दल बोलायला लागली, तेव्हापासून तुला सहा वाजले सांगेपर्यंत,” बाई म्हणाल्या, “मी श्वास रोखून धरला होता.”

त्यांचे ओठ खरंच निळसर झाले होते. मी धावत पाणी आणलं. त्यांनी पेला बाजूला सारला.

कालिंदी कागदाकडे बघत होती. खाली रस्त्यावरून लग्नाचा बँड वाजत गेला.

“मी चिडले आहे, कालिंदी,” बाई म्हणाल्या. “तुझ्यावर आहेच. पण माझ्यावर जास्त आहे. हे तुला मी शिकवलं.”

“तुम्ही मोजायला शिकवलंत, बाई.”

“या सुभद्रेला विचार मी काय शिकवलं.”

मी सांगितलं. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका लेकराला झटके येत होते, त्याच्याजवळ मी तासभर बसले. सहा रुग्णांचे श्वास मोजायचे राहून गेले. मी ते रकाने रिकामे सोडले, कारण मोजले नव्हते. बाईंनी सगळ्या मुलींसमोर माझ्या हातावर लाकडी पट्टी मारली. रिकामा रकाना म्हणजे आळशी नर्स, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर माझ्या हातून एकही रकाना कधी रिकामा राहिला नाही. त्यातले किती आकडे खरे होते, ते देवालाच ठाऊक. माझ्या अठरांनी कोणी मेलं का, हे मी कधी शोधलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

हे मी पहिल्यांदाच बोलले. बाईंनी मान खाली घातली.

“ते लेकरू वाचलं होतं,” त्या म्हणाल्या. “रकाने का रिकामे, ते मी विचारलंच नाही तेव्हा.”

कालिंदीने फाईल ओढून घेतली. अहवालाचं शेवटचं पान काढलं. रोहिणी तायडे हे नाव तिने एकदा खोडलं, मग पुन्हा पुन्हा, कागद फाटेल इतकं खोडलं. मग निळ्या पुस्तकातलं खूण घातलेलं पान तिने फाडून काढलं आणि अहवालाला जोडलं. ड्यूटीचा कागद वेगळ्या प्रकरणातून काढून सगळ्यात वर ठेवला.

“म्हस्केबाईंची मुलगी उद्या येणार आहे,” ती म्हणाली. आवाज पार बसला होता. “तिला काय सांगू?”

“खरं सांग. त्या दिवशी तुझ्या आईचा श्वास कोणी मोजलाच नाही, असं सांग. आणि का ते सांग. तुझं सांग, माझं सांग. ती शिव्या देईल. उभी राहून ऐक.”

कालिंदीने मान हलवली. पेन घेऊन ती पुन्हा त्या पानावर वाकली. जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव, असं छापलेलं होतं आणि त्यापुढे नुसती खाडाखोड. खाडाखोडीशेजारी एक बोटभर जागा कोरी होती. तिने पेन त्या जागेवर टेकवलं.

“इथं काय लिहू, बाई?” तिने विचारलं. “समिती रकाना रिकामा घेत नाही.”

बाईंनी तिच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. स्वतःच्या पदराला उलटं अडकवलं.

“रिकामा सोड,” त्या म्हणाल्या. “मी रागावणार नाही.”