डावं मडगार्ड

शाळा नववीतच सुटली, त्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे. चुकलं असेल तिथं सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. रणजित शेडगे यांनी सांगितलं, तसं लिहितो.

"आता तरी म्हणाल ना उस्ताद, गाडी झाली म्हणून?"

रणजितनं इंजिन चालूच ठेवलं होतं. लष्करातून मोडीत निघालेला जुना शक्तिमान ट्रक, पुढं लांब नाक असलेला, उस्तादांच्या अंगणात गुरगुरत उभा होता.

उस्ताद म्हणजे बाबाजी कोकरे. फौजेत ट्रक चालवले, मग नव्या पोरांना चालवायला शिकवलं, म्हणून आमच्या घाटमाथ्यावर त्यांना सगळे उस्तादच म्हणत. आता त्यांचे दोन्ही डोळे गेले होते.

रणजितचं नाक्यावर प्लायवूडचं दुकान. हा नाद त्याला उस्तादांनीच लावला. लष्कराच्या लिलावात रांगेनं उभ्या गाड्यांवरून हात फिरवत म्हातारा एका ट्रकपाशी थांबला आणि म्हणाला, "हीच घे." तेव्हापासून दुकान बंद झालं की रणजित गाडीखाली. गिअरबॉक्स उतरवला, मागचा लाकडी हौदा नवा केला, सीटं बदलली, ताडपत्री शिवून घेतली. बायको सुनेत्रा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या सवतीला सहा चाकं आहेत."

दुसऱ्या दिवशी पुण्यात जुन्या गाड्यांची स्पर्धा होती. तिथं जाण्याआधी रणजितला उस्तादांच्या तोंडून एक शब्द हवा होता.

म्हातारा काठी टेकत पुढं आला. मान तिरकी करून ऐकत राहिला.

"इंजिन तू स्वतः बांधलंस?"

"स्वतः."

"आवाज चांगला हाय."

रणजितची छाती फुगली.

मग उस्तादांनी डाव्या मडगार्डवर हात ठेवला. हात पुढं गेला. मागं आला. पुन्हा पुढं गेला.

"इंजिन बंद कर."

रणजितनं बंद केलं.

"इथं खळगा होता."

"पोचा होता, उस्ताद. काढून टाकला. पत्रा ठोकून वर घेतला, पुट्टी भरली. आता कुणाला सापडायचा नाही."

"हां... सापडत न्हाई."

"परीक्षक पहिलं हेच बघतात."

"मी म्हणालो होतो, तेवढं राहू दे."

"म्हणाला होतात. पण का, ते नाही सांगितलंत."

उस्तादांनी हात उचलला नाही.

"पहाडात धुकं उतरलं की काचेतनं काय दिसायचं न्हाई," ते म्हणाले. "डाव्या अंगाला दरी. मग जोडीदार बाहेर यायचा आणि इथं बसायचा. हात करायचा. डावीकडं, सरळ, थांब. त्याच्या हाताकडं बघून गाडी हाकायची. माझा जोडीदार पिराजी. दोन हिवाळे बसला इथं."

"मग?"

"तिसऱ्याला न्हवता."

रणजितला लिलाव आठवले. डोळे होते तेव्हापासून म्हातारा दर लिलावाला यायचा. घ्यायचा काहीच नाही. नुसता गाड्या चाचपत फिरायचा, आणि बाकीचे लोक हसायचे. रणजितही हसला होता.

"म्हणजे... ही तीच गाडी?"

"नंबर पुसला होता तिचा. हे पुसलं न्हवतं."

"फोटो आहे का त्यांचा?"

"न्हाई."

अंगणात नव्या रंगाचा वास तेवढा येत होता.

"आधी सांगायचंत ना, उस्ताद!" रणजितचा आवाज फुटला. "मी तुमच्यासाठी ठेवला असता तो."

"म्हणून तर न्हाई सांगितलं."

"मी परत पाडतो. आजच. हातोड्यानं, होता तसाच..."

म्हातारा हसला. "पिराजीचं वजन किती होतं?"

रणजितनं मडगार्डकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "चुकलं माझं. आता काय करू, तेवढं सांगा."

उस्तादांनी तोंड वर करून हवा हुंगली.

"उद्या धुकं पडंल," म्हणाले, आणि आत गेले.

पहाटे खरंच हातभर पुढचं दिसेना. सुनेत्रा पुण्यासाठी डबा भरून, नवी साडी नेसून गाडीपाशी आली. रणजितनं किल्ली तिच्या हातात दिली. दुकानाचा टेम्पो तीच चालवायची.

"एवढ्या धुक्यात? मी? तुमचं डोकं फिरलंय का?"

"माझ्या हाताकडं बघ."

तो डाव्या मडगार्डवर चढून बसला. नव्या रंगावर बुटांचे ओरखडे उठले. खालचा पत्रा बर्फासारखा गार लागत होता, आणि त्याच्या वजनानं जरासुद्धा दबत नव्हता. त्यानं हात वर केला. सरळ... डावीकडं... सरळ. मागं सुनेत्रा पुटपुटत होती, पण बघत होती हाताकडंच. पुण्याचा फाटा आला तेव्हा त्यानं उजवीकडं हात केला, उस्तादांच्या घराकडं.

म्हातारा दारातच उभा होता. रणजितनं हाक मारली नाही. गाडी अंगणात वळवायला सुनेत्रानं जरा जोरात रेस दिली, तशी धुक्यातून काठी वर झाली.

"हळू घे," उस्ताद म्हणाले. "पुढं माणूस बसलाय."