केतकी जपानला गेली, त्याची कहाणी

बायांनो, हातात अक्षता घ्या, लेकींना जवळ बसवा आणि वाटजाईची कहाणी ऐका.

आटपाट गाव होतं. गावाखालची जमीन अधूनमधून हलायची. फडताळातली भांडी वाजायची, माणसं अंगणात येऊन उभी राहायची, मग पुन्हा घरात जायची. त्या गावात भास्कर नावाचा शिंपी होता. त्याची बायको वेणू, लेक केतकी. घरात एक शिलाई मशीन, डोक्यावर पत्रा, पोटापुरतं अन्न.

केतकी शाळेत हुशार. तिनं काड्यांचं आणि रबराचं एक घर केलं. खालचा पाट हलवला की घर डुले, पण पडेना. शाळेच्या मोठ्या बाईंनी ते पाहिलं. मग शाळेची सहल निघाली, परदेशी, जपानला. तिथं जमीन फार हलते आणि घरं उभी राहतात. ती कशी बांधतात हे मुलांना दाखवायचं होतं. बाईंनी केतकीचं नाव घातलं, तिच्या वर्गातल्या निशिगंधाचं नाव घातलं. बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत जायचं. मान शाळेचा, खर्च घरचा. गणपती बसायच्या आत पैसे भरा."

खर्च ऐकला आणि वेणूला काही सुचेना. तेवढ्यात घराला पक्कं छप्पर झालं असतं. हसावं की रडावं, कळेना. नवऱ्याला विचारलं, "काय करायचं?" तो म्हणाला, "मलाही कळत नाही." लेकीला विचारलं, "तुला जायचंय कां?" केतकी म्हणाली, "जायचंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी रडणार नाही." ते ऐकून वेणूचा गोंधळ आणखी वाढला.

मग ती भावाकडे गेली. भाऊ म्हणाला, "ताई, लग्नाला माग, आत्ता देतो. सहलीला कोण देतं?" वेणूला वाटलं, बोलतो ते खरं आहे. मग ती देवळाच्या पंचांकडे गेली. पंच म्हणाले, "एका मुलीला दिलं तर दुसऱ्यांना काय सांगू?" वेणूला वाटलं, हेही खरं आहे. मग ती लाकडाच्या वखारीच्या मालकीणबाईंकडे, प्रमिलाकाकूंकडे गेली. काकू म्हणाल्या, "विचार करून सांगते." वेणूला वाटलं, विचार तर करायलाच हवा. सगळ्यांचंच खरं, मग आपलं काय खोटं, हे काही तिला उमगेना.

घरी यायला निघाली ती वाट चुकली. जन्म गेला त्या गावात, तरी चुकली. वेशीबाहेर वाटजाईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेला दगड, तिथं जाऊन बसली. शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन गाडीची वाट पाहत होती.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, रडतेस कां?"

वेणू म्हणाली, "आजी, रडत नाही. कुठं जावं ते कळत नाही."

"मग बरोबर जागी बसलीस. वाटजाईचा वसा घे."

"तो वसा कसा असतो?"

म्हातारी म्हणाली, "श्रावणातल्या शुक्रवारी न्हावं, पाटावर तांदळाची वाट काढावी, तिला हळदकुंकू वाहावं. मग दारोदार जावं. कशासाठी मागतो ते खरं सांगावं. मूठभर दिलं तर मूठभर घ्यावं. नाही म्हणाले तर रागावू नये, त्यांच्या घरचं पाणी पिऊन उठावं. उरलं तर घरात ठेवू नये. दमशील, लाजशील, घेतला वसा मध्येच सोडशील."

वेणू म्हणाली, "दमणार नाही, लाजणार नाही, घेतला वसा मध्येच सोडणार नाही."

तेवढ्यात गाडी आली, म्हातारी चढली, गाडी गेली. ती देवी होती की लेकीकडे निघालेली कुणी बाई, वेणूला तेव्हाही कळलं नाही, पुढेही कळलं नाही.

पहिला शुक्रवार आला. वेणू न्हाली, पाटावर तांदळाची वाट काढली, हळदकुंकू वाहिलं आणि बाहेर पडली. आधी कासाराच्या दारी गेली. कासारीण म्हणाली, "बांगड्या हव्यात?" वेणू म्हणाली, "नाही. माझी लेक न पडणारी घरं बघायला परदेशी जाणार आहे. त्यासाठी मागायला आले." कासारणीनं डब्यातून काढून दिलं. मग गवंड्याच्या दारी गेली. गवंडी म्हणाला, "आल्यावर मला सांग म्हणावं, भिंतीचा कोपरा कसा बांधतात तो." त्यानंही दिलं. मग ती निशिगंधाच्या दारी गेली. निशिगंधाची आई मालन दार अर्धं लावून उभी राहिली. म्हणाली, "आमची काही जात नाही. तिला विमानाची भीती वाटते." मागून निशिगंधा आईकडे नुसती बघत राहिली. वेणूनं पाणी मागितलं, प्याली आणि उठली.

दुसरा शुक्रवारही तसाच गेला. कुणी नोट दिली, कुणी नाणी दिली, कुणी पाणी दिलं.

मग प्रमिलाकाकूंनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "वेणू, दारोदार फिरतेस ते बरं दिसत नाही. सगळा खर्च मी देते. आता कुणाकडे जाऊ नकोस."

वेणूला आनंद झाला. तिसऱ्या शुक्रवारी ती न्हाली नाही, तांदळाची वाट काढली नाही, बाहेर पडली नाही. दुपारी फुलं विकणारी सोनाबाई तिच्या दारी आली. पदराची गाठ सोडून म्हणाली, "केतकीसाठी आणलंय." वेणू म्हणाली, "आता नको हो. झालं सगळं." सोनाबाईनं गाठ पुन्हा मारली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून काय झालं कुणास ठाऊक. नळावर वेणू गेली की बोलणं थांबे. शिवायला कपडे येईनात. वेणू नवऱ्याला म्हणाली, "मी यांचे पैसे वाचवले. मग या रागावल्या कां?" भास्कर मशीन पुसत म्हणाला, "मला विचारू नकोस बाई. मी कपडे मापतो, माणसं नाही."

पैसे भरायचा दिवस जवळ आला. वेणू काकूंकडे गेली, तर वखारीला कुलूप. काकू मुलाकडे शहरात गेल्या होत्या. पुन्हा गेली, पुन्हा कुलूप. तिसऱ्यांदा गेली, तरी कुलूप. फोन केला तर काकूंचा मुलगा म्हणाला, "आई दवाखान्यात आहे, बरी झाली की बघू." आजारी माणसापाशी पैशाचं कसं बोलावं? वेणूनं फोन ठेवला.

मग शेवटचा शुक्रवार उजाडला. वेणू न्हाली, पाटावर तांदळाची वाट काढली. वाट वाकडी आली. ती आधी सोनाबाईकडे गेली. म्हणाली, "मावशी, तुम्हाला मी परत पाठवलं. चुकलं माझं. काय चुकलं ते नीट कळत नाही, पण चुकलं."

सोनाबाईनं तिला आत घेतलं. म्हणाली, "अगं, माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. जमीन हलली की मी तिला धरून अंगणात पळते. घर पडू नये असं मलाही वाटतं. मी तुला दान द्यायला आले नव्हते. त्या पोरीच्या जाण्यात माझाही वाटा असावा, म्हणून आले होते. तू म्हणालीस, नको."

एवढं साधं आपल्याला कसं कळलं नाही, तेच वेणूला कळेना. सोनाबाईनं पदराची गाठ सोडली.

मग सोनाबाई तिच्याबरोबर निघाली. दोघी कासाराकडे गेल्या, तर कासारीण बरोबर निघाली. तिघी गणपतीच्या मंडळात गेल्या. वेणूनं सगळं खरं सांगितलं. पोरं आपसांत बोलली, वाद झाला, पुन्हा बोलली. मग म्हणाली, "यंदा रोषणाई राहू दे. ते पैसे केतकीला." भाऊ आपण होऊन आला. म्हणाला, "लग्नासाठी ठेवले होते. बायको म्हणाली, पोरगी आत्ता मागते आहे आणि तुम्ही पुढचं कसलं देता?" गणपती बसायच्या आदल्या दिवशी पैसे भरले गेले.

आणि दुसऱ्या दिवशी काकूंचा मुलगा नव्हे, खुद्द प्रमिलाकाकू रिक्षातून उतरल्या. चेहरा उतरलेला, हातात पाकीट. म्हणाल्या, "शब्द दिला होता. उशीर झाला." वेणूच्या हातात पाकीट ठेवलं आणि ओसरीवर टेकल्या.

आता काय करावं? भाऊ म्हणाला, "घराला छप्पर घाल." भास्कर म्हणाला, "परत दे." वेणू दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिला वसा आठवला. उरलं तर घरात ठेवू नये. ती काकूंना म्हणाली, "केतकीचे भरून झाले. हे निशिगंधासाठी देऊ कां? तुम्ही दिले म्हणून सांगेन." काकूंनी विचारलं, "ती कुणाची?" वेणूनं सांगितलं. काकू म्हणाल्या, "चल, मी पण येते."

मालननं पुन्हा अर्धंच दार उघडलं. म्हणाली, "मी कुणापुढे हात पसरलेला नाही."

वेणू म्हणाली, "तू नाही, मी पसरला. जास्त आलं. आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून तुझ्याकडे आले. विमानाची भीती तिला वाटते, की तुला?"

मालन रडू लागली. निशिगंधा बाहेर आली आणि म्हणाली, "मला नाही वाटत भीती." मग दार पूर्ण उघडलं. शाळेचा गणपती बसवायला बाई शाळेतच होत्या. मुदत टळली म्हणून त्यांनी कुरकुर केली, पण निशिगंधाचे पैसे भरून घेतले.

दिवाळीच्या सुट्टीत दोघी निघाल्या. गाडीत बसताना केतकी आईला म्हणाली, "आई, इतक्या लोकांचं मी काय देणं लागते?" वेणू म्हणाली, "मला सांगता येत नाही. तू डोळे भरून बघ. आल्यावर जो विचारेल त्याला सांग."

मुली गेल्या, मुली आल्या. चौकात सतरंजी घातली, सगळं गाव जमलं. केतकीनं सांगितलं, निशिगंधानं सांगितलं. जमीन हलते तशी हलणारी मोठी फरशी तिथं आहे, तिच्यावर अख्खं घर ठेवतात, हलवतात, पुन्हा पुन्हा बघतात. मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, "पोरींनो, मग आपली घरं आता पडणार नाहीत ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. केतकी म्हणाली, "आजोबा, ते अजून आम्हाला सांगता येत नाही. शिकावं लागेल."

म्हातारे म्हणाले, "बरं. शिका." आणि खाली बसले. सगळं गाव तसंच बसून राहिलं, कुणी उठलं नाही.

जशी वाटजाई वेणूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांना वाट कळत नाही त्यांना विचारायला तोंड मिळो, ज्यांच्या दारी कुणी येईल त्यांच्या घरी पाणी असो, लेकी दूर जावोत आणि सुखरूप घरी येवोत. ही लांबली कहाणी थोडक्या बोलांत फळाला आली, इथं पुरी झाली.