नाक हरवलेलं विमान

एक होतं इवलंसं विमान. जुन्या पुठ्ठ्याचं. बकुळने कापलं, बकुळने चिकटवलं. नाकाला लावली मातीची गोळी. नाक जड, तर विमान सरळ!

बकुळ पाणी प्यायला गेली. तेवढ्यात गोळी सुटली. टुणुक टुणुक! कपाटाखाली गेली.

शाळेच्या मैदानावर बाकी मुलांची विमानं उडत होती. वर्गात हे एकटंच.

उडून बघितलं. नाक वर, शेपटी खाली. फर्र... धप्प!

विमान गेलं झाडूकडे. फर्र... धप्प!
"झाडूदादा, झाडूदादा, गोळी काढ ना!"
"मी नाही काढत. आधी मावशीला मला उचलू दे."

विमान गेलं मावशीकडे. फर्र... धप्प!
"मावशी, मावशी, झाडू उचल ना! झाडू हलेना, गोळी निघेना, मला काही उडता येईना!"
"मी नाही उचलत. सकाळीच झाडलंय! आधी बाईंना सांगू दे."

विमान गेलं बाईंकडे. फर्र... धप्प!
"बाई, बाई, मावशीला सांगा ना! मावशी उचलेना, झाडू हलेना, गोळी निघेना, मला काही उडता येईना!"
"मी नाही सांगत. आधी मोठ्या सरांना विचार."

विमान गेलं मोठ्या सरांकडे. फर्र... धप्प! सर चहा पीत होते. फुर्र फुर्र.
"सर, सर, बाईंना सांगा ना! बाई सांगेनात, मावशी उचलेना, झाडू हलेना, गोळी निघेना, मला काही उडता येईना!"
"पुठ्ठ्याचं तर आहेस! उद्या बघू."

विमान पायरीवर बसलं. घंटा झाली. मुलं घरी गेली. त्याला कुणी हाक मारली नाही.

मग बकुळ आली. धापा टाकत.
"इथे आहेस होय! मी सगळं मैदान शोधलं!"
"बकुळ, बकुळ! सर ऐकेनात, बाई सांगेनात, मावशी उचलेना, झाडू हलेना, गोळी निघेना, मला काही उडता येईना!"

बकुळ तडक सरांपुढे उभी राहिली.
"सर, बाईंना सांगा. आत्ता!"
"अगं, उद्या..."
"आत्ता!"

सरांनी कप ठेवला. ठक्!

सरांनी बाईंना सांगितलं. बाईंनी मावशीला सांगितलं. मावशीने झाडू उचलला. झाडू गेला कपाटाखाली. सर्र! गोळी आली बाहेर. टुणुक टुणुक! बकुळने ती नाकाला लावली. घट्ट.

मैदानावर कुणीच नव्हतं. बकुळने विमान सोडलं.

भुर्रर्र! नाक सरळ. शेपटी सरळ. गेलं, गेलं, गेलं.

एवढं मोठ्ठं आकाश. त्यात एकच विमान. इवलंसं.