डावं-उजवं

माणसाच्या हाती अजून दगडही आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका रानात चिंपांझींचा कळप राहायचा आणि दगडाने टणक फळं फोडून पोट भरायचा. कळपाचा म्होरक्या होता ढाण्या. तो उजव्या हाताने फोडायचा, म्हणून सगळ्यांनी उजव्यानेच फोडायचं, असा त्याने नियम केला. डाव्या हातात दगड दिसला, की तो हात ठेचायचा.

भिंगरी नावाची पोर नेमकी डावखुरी निघाली. उजव्या हातातून तिचा दगड निसटायचा. डाव्याने मात्र एका घावात फळ फुटायचं. ढाण्याने ते पाहिलं आणि तिच्या आईपुढे दगड टाकला.

"तूच ठेच."

"लेकरू आहे हो! एवढ्या खेपेला सोडा," आई त्याच्या पाया पडली.

"नियमात डावं-उजवं नसतं," ढाण्या म्हणाला. "नाहीतर दोघीही कळपाबाहेर व्हा."

बाहेर बिबटे होते. आईने डोळे गच्च मिटले आणि दगड मारला.

भिंगरी वाकड्या बोटांनी मोठी झाली. तिच्या वाटणीची फळं आई फोडून द्यायची.

पुढे दरड कोसळली आणि ढाण्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. त्याला कुणी फोडून देईना. भूक सोसेना, तेव्हा त्याने डाव्या हातात दगड घेतला. सगळा कळप बघत राहिला.

"माझी गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "माझा नाइलाज आहे."

भिंगरीची आई उठली. तिने तोच जुना दगड उचलला.

"नियमात डावं-उजवं नसतं," ती म्हणाली. या खेपेला तिने डोळे मिटले नाहीत.